त्याचे पाय दुखत असतील

"किती गार पाय हायत गं त्याचे."

पंढरपूरच्या देवळातनं बाहेर आल्यावर आई एवढंच बोलली. साडेचार तास दर्शनबारीत काढले होते, मध्ये दोनदा तिला खाली बसवलं होतं, मागच्या बाईंशी जागेवरनं थोडी बाचाबाचीपण झाली होती (माझी, आईची नाही), आणि एवढं सगळं करून गाभाऱ्यात पायावर डोकं टेकायला मिळालं ते फार तर दोन सेकंद, तेवढ्यात "चला माउली, चला पुढं" करून आम्हाला बाहेर काढलंपण. मला वाटलेलं आई रडेल, नाहीतर काहीतरी मागितलं म्हणून सांगेल. तर ही म्हणते पाय गार आहेत. अगदी पाळण्यातल्या लेकराचे तळवे चाचपून बघावेत आणि टोपडं-मोजे शोधायला लागावं, त्या सुरात.

पौषातली थंडी होती. बाहेर बुक्का, तुळशीमाळा आणि चुरमुरे विकणारा एक जण बसलेला, आईनं त्याच्याकडनं पावशेर चुरमुरे घेतले आणि घेता घेता त्यालाच विचारलं, का हो, रात्री पांघरूण घालत असतील ना त्याला? मला इतकं लाजल्यासारखं झालं. पण तो माणूस हसला नाही काही नाही. चुरमुरे कागदात बांधत म्हणाला, घालतात की आजी, कार्तिकीनंतर थंडीचा पोशाख असतो, कानाला पट्टी बांधतात, शाल असते, रजई असते, सगळं असतं. आईचा जीव भांड्यात पडला. मग आम्ही चहा प्यायलो.

तर हे असं आहे. मी स्वतः फार देवदेव करणारी नाही, म्हणजे एकादशीचा उपास मी साबुदाण्याच्या खिचडीसाठी धरते हे घरात सगळ्यांना माहितीय. पोथी नाही, पारायण नाही, वारी एकदाच आणि तीपण पुणे ते सासवड, दिवेघाट चढून झाल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी. पण पंढरपूरच्या या देवाची एक गोष्ट माझ्या डोक्यात लहानपणापासून जी बसलीय ती निघतच नाही. ती म्हणजे याला त्रास होतो. याला थंडी वाजते, याला उकडतं, याचे पाय दुखतात. आणि लोक त्याची सोय करतात.

नुसतं आपलं बोलायला नाही हां, खरोखर करतात. उन्हाळ्यात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत त्याला अंगभर थंड चंदनाची उटी लावतात. एरवी रोज रात्री शेजारती होऊन देव झोपायला जातो, पण आषाढी-कार्तिकी जवळ आली की त्याचा पलंगच काढून ठेवतात, कारण आता लाखांनी माणसं येणार, रात्रंदिवस दर्शन चालू राहणार, झोपायला वेळ कुठला. मग तो सलग उभा. आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग आता पुढं आहे, तो एवढा वेळ उभा राहणार म्हणून पाठीला टेकायला मऊ कापसाचा लोड ठेवतात आणि रुक्मिणीला तक्क्या देतात. दगडाच्या मूर्तीच्या पाठीशी कापसाचा लोड. कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल हे? कुणीतरी असणारच की, ज्याची स्वतःची पाठ भरून आली होती आणि ज्याला एकदम वाटलं, अरे, याचीपण भरून आली असेल.

मग यात्रा संपते, गोपाळपुरात काला होतो, पालख्या परत फिरतात, आणि त्यानंतर प्रक्षाळपूजा. त्या दिवशी देवाचा शिणवटा काढतात. पायाला लिंबू-साखर लावून चोळतात, गरम पाण्यानं आंघोळ घालतात, आणि रात्री झोपायच्या आधी काढा देतात, सुंठ-मिरी-लवंग-गूळ असले जिन्नस घातलेला. पलंग परत आत येतो. रोजचे नित्योपचार परत सुरू.

आमच्याकडे सोलापूरला पेपरात ही बातमी दरवर्षी ठरलेली असायची, आणि त्यावरनंच आमच्या घरात एकदा जे घडलं ते सांगायला आज बसलेय खरं तर.

मी पाचवी-सहावीत असेन. आई तेव्हा एका खानावळीत भाकऱ्या करायला जायची. सकाळी आठ ते दुपारी तीन, ओट्यापुढं उभी. आजी चुलीपुढं बसून भाकरी थापायची, ओटा आला आणि घराघरातल्या बायका उभ्या राहिल्या त्या उभ्याच राहिल्या, हे सोयीचं झालं की गैरसोयीचं यावर माझं आणि माझ्या नणंदेचं भांडण होऊ शकतं, पण ते असो. दिवसाला सव्वाशे-दीडशे भाकऱ्या. घरी येऊन परत आमच्या घरचा ओटा. बाबा चादरीच्या कारखान्यात मागावर, तेपण उभेच, या मागावरनं त्या मागावर, धागा तुटला की इकडं, कांडी संपली की तिकडं. बाबा लाल बावट्यावाले. देव त्यांच्या लेखी नव्हता. पण आई पूजा करताना रेडिओ मुद्दाम मोठा लावतील, एवढे कडक नव्हते.

तर त्या दिवशी बाबा रात्री जेवण झाल्यावर पेपर वाचत बसलेले, सकाळचा पेपर रात्री वाचायची त्यांची पद्धत, कारण सकाळी शिफ्ट. आणि त्यांनी चेष्टेच्या सुरात मोठ्यानं वाचलं, की बघा, विठोबाचे पाय दुखले म्हणून लिंबू-साखर लावली. दगडाला. आई भांडी घासत होती, म्हणाली, मग, दुखणार नाहीत होय, अठ्ठावीस युगं उभा हाय. बाबा म्हणाले, दगडाचे पाय दुखतात आणि माणसाचे दुखत नाहीत का, ते कोण छापणार पेपरात. हे ते नेहमीच्या भाषणाच्या आवाजात म्हणाले. आणि मग गप्पच झाले.

गप्प का झाले ते मला त्या वयात कळलं नाही. ते आईच्या पायाकडं बघत होते. आई मोरीच्या कडेला एका पायावर भार टाकून उभी होती, दुसरा पाय नुसता टेकवलेला, मग थोड्या वेळानं पाय बदलला. पोटऱ्यांवरच्या शिरा फुगलेल्या, निळ्या. टाचांना भेगा. त्या शिरा काही त्या दिवशी आल्या नव्हत्या.

बाबा उठले, जेवणातलं अर्धं लिंबू ताटलीत राहिलेलं ते घेतलं, डब्यातनं मूठभर साखर घेतली आणि आईला म्हणाले, बस खाली. आई म्हणाली, काय येड लागलं का, साखर कशाला नासवताय, रेशनची हाय. बस म्हणलं ना. आणि ती बसली. माझ्या आठवणीत बाबांनी आईच्या पायाला हात लावलेला तो पहिला आणि शेवटचा प्रसंग. लिंबाच्या फोडीवर साखर घेऊन टाचा चोळत होते, आणि आई इतकी हसत होती, गुदगुल्या पण आणि लाज पण, पदर तोंडात घालून. भेगांत लिंबू झोंबलं तेव्हा "आई गं" केलं तिनं, तर बाबा फुंकर घालायला लागले. मी आणि माझा भाऊ अंथरुणात पडून झोपेचं सोंग घेऊन हे सगळं बघत होतो.

सकाळी उठून बघतो तर मोरीपासून आईच्या अंथरुणापर्यंत मुंग्यांची ही लांबलचक रांग. आईनं रात्री पाय नीट धुतलेच नव्हते. "धुवावंसं वाटंना," म्हणाली.

बाबांना आता विचारलं तर म्हणतात असलं काही मला आठवत नाही. ते आहेत अजून, सत्त्याहत्तर पूर्ण, देव अजूनही नाहीच. आणि आई म्हणते, तेवढी एक पूजा केली हो यांनी जन्मात, पण केली. यावर बाबा पेपर वर धरतात.

मला काय वाटतं सांगू का, देव आहे की नाही हे मला काही ठरवता आलेलं नाही आणि आता या वयात ठरवायची घाईपण नाही. पण ज्या देवाचे पाय दुखतात असा देव ज्यांनी कुणी मानला त्यांनी आमच्यासारख्यांना एक सवय लावून ठेवलीय. उभा माणूस दिसला की माझी नजर आधी त्याच्या पायाकडं जाते. चेहऱ्याकडं नंतर. आणि एकदा पायाकडं बघायला लागलं ना की काय काय दिसतं हो. सिग्नलचा पोलीस दर दोन मिनिटांनी एक बूट जरासा उचलून आत बोटं हलवतो. मेडिकलमधली मुलगी काउंटरच्या मागं चप्पल काढून एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून उभी असते, वरनं अगदी टापटीप हसतमुख आणि खाली बगळा. पेट्रोल पंपावरची ताई गाड्यांची लाइन संपली की मशीनच्या कठड्याला पाठ टेकते, अगदी चार सेकंद. तिचा तो लोड.

आणि कधी कधी कुणीतरी त्यांची सोय करताना दिसतं. ते बघितलं की माझा अख्खा दिवस चांगला जातो, खोटं नाही सांगत.

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेलो होतो, मोठं चार मजली दुकान, नाव नको. तिथं सेल्सच्या मुली दिवसभर उभ्या, बसायला स्टूलच नाही, गिऱ्हाईकांना मात्र गुबगुबीत सोफे. आमच्या शेजारी एक आजी आल्या होत्या, नऊवारीतल्या, सत्तरी पार, बरोबर दोन सुना. त्यांना साडी दाखवणारी मुलगी अगदी पोरगेलीशी होती, सातवी का आठवी साडी उलगडताना तिनं काउंटरला नुसता हात टेकला तर लांबून त्यांच्या सुपरवायझरनं बघितलं आणि तिनं हात काढला. हे मी बघितलं, आजींनीपण बघितलं. आजी एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "ए बाई, हे असं उभ्यानं मला पदर कळत नाही. खाली गादीवर बसून दाखव." मुलगी म्हणाली आजी इथंच दाखवते ना. "नाही नाही, मला खालीच बसायचंय, आणि मी एकटी खाली बसून वर बघू का? तू पण बस." आणि खरंच त्या बाई गुडघे दाबत दाबत त्या पांढऱ्या चादरीवर खाली बसल्या, सुना हैराण, अहो आई तुम्हाला उठता येणार नाही. पण बसल्या. मुलगीपण बसली. मांडी घालून. सुपरवायझर काय बोलणार, गिऱ्हाईकच म्हणतंय.

मग आजींनी काय केलं, तर वीस-पंचवीस मिनिटं साड्या बघितल्या. ही दाखव, ती दाखव, याचा काठ बघू, त्याची निरी बघू, हिच्यात दुसरा रंग आहे का, नसू दे, परत पहिली दाखव. एक घेतली शेवटी. मला तर खात्रीच आहे की पहिलीच त्यांना पसंत होती, कारण घेतलीपण पहिलीच. उठताना दोन सुना आणि ती मुलगी, तिघींनी मिळून उठवलं त्यांना. मी त्यांच्याकडं बघून हसले तर त्यांनी मला डोळा मारला. शपथ. सत्तर वर्षांच्या बाईनं.

नंतर मी वाचलं की केरळमध्ये यासाठी कायदाच करावा लागला. तिथल्या कापड दुकानांतल्या बायकांनी कित्येक वर्षं भांडून मिळवला तो, २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, की दुकानात उभं राहून काम करणाऱ्यांना बसायला जागा द्यायची. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही केला. म्हणजे बघा, बसायचा कायदा! बाबांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, हेच तर मी म्हणत होतो, लिंबू-साखरेनं काय होतंय, कायदा पाहिजे. मी म्हटलं दोन्ही पाहिजे बाबा. पहिल्यांदाच ते वाद न घालता "हं" म्हणाले.

इथं एक कडू गोष्टपण सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं फारच गोडगोड होईल. पंढरपुरात त्या दिवशी देवळातनं बाहेर आल्यावर आई नामदेव पायरीपाशी गेली, तिच्यावर पाय देत नाहीत, हात लावून डोळ्याला लावतात, आणि तिथंच समोर चोखोबांची समाधी आहे. देवाच्या दारात, पण बाहेर. जिवंतपणी ज्याला आत येऊ दिलं नाही त्याची समाधी दाराबाहेर. आणि ते दार सगळ्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. देवाच्या पाठीला लोड देणारे लोक आणि चोखोबांना बाहेर उभं करणारे लोक, गाव एकच की. विटेवर उभा आहे त्याचे पाय दुखतात हे ज्यांना कळत होतं त्यांना दाराबाहेर उभा आहे त्याचे दुखतात हे कळलं नाही, इतकी शतकं. आई समाधीपाशी जरा जास्तच वेळ थांबली. काय म्हणत होती ते मी विचारलं नाही, चुरमुऱ्यातले अर्धे मात्र तिनं तिथल्या पायरीवर बसलेल्या एका बाईच्या ओंजळीत ओतले.

आता शेवटची, आमच्या सोसायटीची गोष्ट.

आमच्या गेटवर रात्रपाळीला एक वॉचमन काका आहेत, परभणीकडचे, साठीच्या आसपास. आधी केबिनमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची होती, ती मोडली आणि कमिटीनं नवी आणलीच नाही, कारण कुणाचं तरी म्हणणं पडलं की बसला की झोपतो. दिवसपाळीचा पोरगा तरणा आहे, तो बाइकवर बसतो कुणाच्यातरी. काका उभे, नाहीतर केबिनच्या त्या अरुंद पायरीवर बुड टेकून. मग मी काय केलं, माझ्याकडं एक जुना लाकडी स्टूल होता, माळ्यावरचं काढायला चढायचा, तो नेऊन ठेवला गेटवर. मोठं काही पुण्य केलं असं अजिबात नाही, माळ्यावर चढणं मला डॉक्टरांनी बंद केलंय आणि स्टूल पायात येत होता.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच चालू झालं. गेटवर भंगार कोणी ठेवलंय. मग कोणीतरी अंगठा दाखवला. मग परवानगी, मग शिस्त, मग एक गुड मॉर्निंगचा गुलाब, मग परत शिस्त. मी दोन दिवस भांडले आणि मग कंटाळून म्यूट केलं. स्टूल राहिला.

पण गंमत म्हणजे स्टूलवर काका कधी दिसेनात. संध्याकाळी सातला मी येते तेव्हा कधी त्यावर भाजीवाल्या मावशी टोपली उतरवून बसलेल्या, कधी पार्सल घेऊन आलेला पोरगा फोन लागत नाही म्हणून बसलेला, एकदा तर दुसऱ्या मजल्यावरचे ते रिटायर्ड साहेब, ज्यांनी ग्रुपवर भंगार लिहिलं होतं, तेच रिक्षाची वाट बघत स्टूलवर, काठी मांडीवर आडवी. आणि काका बाजूला उभे. मी एकदा म्हटलंच, काका, तुमच्यासाठी ठेवलाय हो तो. तर म्हणाले, "बसतो की ताई. रातच्याला. दिवसा लोकं येत्यात."

मला वाटलं नुसतं माझं मन राखायला म्हणतायत.

गेल्या महिन्यात एका लग्नाहून यायला उशीर झाला, साडेबारा वाजून गेले असतील. रिक्षा कोपऱ्यावरच सोडली, कारण आमच्या गल्लीत खोदलंय, सदा खोदलेलंच असतं. चालत आले तर गेटचा दिवा चालू, आणि काका त्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेले. स्टूल समोर ओढून घेतलेला, आणि त्यावर दोन्ही पाय. बूट बाजूला जोडीनं नीट लावलेले, मोजे धुऊन गेटच्या सळईवर वाळत घातलेले. पावलं शेजारी शेजारी, सरळ, त्या स्टूलवर. अंगठे सुजलेले दिसत होते दिव्याच्या उजेडात. झोपले नव्हते, मोबाइलवर बारीक आवाजात हरिपाठ चालू होता आणि ओठ हलत होते.

मी गेटातनं गेले असते तर ते दचकून उठले असते, बूट शोधले असते, "या ताई" म्हणून कडी काढायला उभे राहिले असते.

मी पैठणीचा घोळ वर धरला आणि मागच्या पार्किंगच्या बाजूनं, त्या खोदलेल्या मातीतनं, वळसा घालून गेले.